उजवा हात आणि जमिनीखालची केबल

"जखम एवढीशी दिसते, पण करंट आतून गेला आहे," डॉक्टर माझा उजवा हात पाहत म्हणाल्या. तळव्यावर एक काळा डाग होता, डाव्या टाचेवर दुसरा. लघवी काळ्या चहासारखी होत होती. त्याला त्यांनी मायोग्लोबिन्युरिया म्हटलं. म्हणजे जळलेल्या स्नायूंचा अंश रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. सलाईनने तो धुऊन काढला नाही तर मूत्रपिंड बंद पडू शकतं.

मी पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ते खोदतो. त्या सकाळी रिसालीत रस्ता फोडायचं ब्रेकर मशीन चालवत होतो. नकाशात विजेची केबल रस्त्याच्या पलीकडे होती. रस्ता रुंद करताना ती अलीकडे सरकवली होती, ते नकाशावर चढलंच नव्हतं. डोळ्यांपुढे लख्ख उजेड झाला आणि मी खड्ड्यात पडलो.

दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत टम्म फुगला. कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे सुजलेले स्नायू आपल्याच आवरणात कोंडले जातात आणि पुढे रक्त पोचत नाही. त्यावर फॅशिऑटॉमी करतात, ते आवरण लांब चिरून मोकळं करतात.

"हात वाचेलच असं सांगत नाही. थांबलो तर मात्र नक्की जाईल," डॉक्टर म्हणाल्या.

माझी बायको रेखा म्हणाली, "मंग थांबू नोका."

हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. उघड्या जखमेवर मांडीची कातडी लावली, तिला स्किन ग्राफ्ट म्हणतात. ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की मी दात आवळायचो.

माझ्यासोबत काम करणारा दिलीप भेटायला आला, तेव्हा रेखाने त्याला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"जय भीम, वहिनी."

"हे खड्ड्यात पडले होते अन् तुमी वर उभे राहून पाहून राहिले होते! हात कावून नाई दिला?"

दिलीप मान खाली घालून म्हणाला, "केबल चालू होती वहिनी. मी लाइन बंद कराले फोन करून राहिलो होतो."

डॉक्टर तिथेच होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांनी हात दिला असता तर माझ्याकडे दोन पेशंट आले असते. कदाचित एकही आला नसता."

रेखाने आपल्या डब्यातली भाकर काढून दिलीपच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. उरलेली बोटं वळायलाच तयार नव्हती. रेखाने परात पुढ्यात सरकवली. "मळा कणीक." डोळ्यांत पाणी यायचं, तरी मळायचो. पोळ्या जाड-वाकड्या व्हायच्या, पण मूठ हळूहळू मिटायला लागली.

हे तुमच्यासाठी लिहितोय, ज्यांचं माणूस या कामावर जातं. करंट लागला आणि कातडी ठीक दिसली तरी दवाखान्यात न्या. लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत माणसाला हात लावू नका. आणि मशीन लावण्याआधी केबल शोधा. जमिनीखालची केबल हुडकणारं लोकेटर यंत्र फिरवा, मग फावड्याने जपून चाचणी-खड्डा घ्या. मातीत अचानक वाळू किंवा विटांचा थर लागला तर थांबा, खाली केबल असू शकते.

आता ब्रेकर मला पेलत नाही. मी जागा तपासून देतो. परवा कुम्हारीजवळ ड्रिलिंग मशीन उभं होतं आणि सुपरवायझर घाईत होता.

"नक्शा है ना? चालू करो."

"खड्डा घेतल्याशिवाय मशीन चालणार नाई साहेब."

तो चिडला, पण तपासणी होईपर्यंत मशीनची चावी माझ्याकडे असते, ती माझ्या खिशात होती. दिलीपने आणि मी लाइन बंद करून घेतली आणि हळूहळू माती काढली. विटा लागल्या, मग वाळू. त्याखाली काळी, जाड केबल, नकाशातल्या जागेपासून बरीच अलीकडे, जिथे ड्रिल उतरणार होतं नेमकी तिथेच.

सुपरवायझर खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून बघत राहिला. मग त्याने स्वतःच मशीन मागे घ्यायला लावलं.

मी रेखाला फोन केला. "आज उशीर होईन. नवी जागा शोधा लागन."

"होऊ द्या उशीर," ती म्हणाली. "बरोबर पाहून घ्या."