तक्त्यातून काढलेल्या विहिरी

नांदुरा स्टेशनवर उतरल्याउतरल्या मी परतीच्या गाडीची वेळ विचारून घेतली. नाशिकला भाजीचा गाळा चालवत मी सांख्यिकी शिकतो. संशोधन संस्थेच्या प्रशिक्षणात बाकीच्यांना कूलरसमोर टेबलं मिळाली. मला, प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमशी भांडलो म्हणून, उन्हातल्या विहिरी. भांडण असं : पाण्यातल्या क्षारांच्या तक्त्यात एका गावचे अकरा आकडे भलतेच मोठे होते. मोजणी यंत्राची चूक म्हणून मी ते काढून टाकले; मॅडमचं म्हणणं, न बघता काढायचे नाहीत. उरलेल्या आकड्यांवरून पाणी पिण्यालायक ठरलं, म्हणजे गावाला मिळणारं शुद्धीकरण यंत्र रद्द.

"जाऊन बघ. सोमवारी अहवाल जातोय," मॅडम म्हणाल्या.

भाड्याच्या काळीपिवळी जीपवाल्याशी हुज्जत घालून पुढची जागा मिळवली. एरवी जिंकल्यावर मी खुश असतो. पूर्णा ओलांडली, सातपुड्याची निळी रेघ दिसली, आणि मी मोबाइलवर ते अकरा आकडे पुन्हा उघडले. आकडे खरे निघाले तर?

संग्रामपूरच्या अलीकडे ते गाव. पहिल्याच विहिरीपाशी कमलाबाईंचं घर. विहिरींच्या तपासणीसाठी आलोय असं सांगून पाणी मागितलं, तर त्यांनी विकतच्या कॅनमधलं दिलं.

"विहिरीचं द्या, मावशी."

"काऊन रे बाबू, जीव जड झाला का? ढोरंही पेत नाहीत ते."

"पण पाणी मोजायचं यंत्र चुकतं कधीकधी."

"यंत्र राहू दे. डाळच लावून दाखवतो तुले."

त्यांनी दोन गंजांत (पातेल्यांत) तुरीची डाळ चढवली, एकात कॅनचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. तासाभराने पहिली लोण्यासारखी मऊ. दुसरीतला दाणा मी बोटांनी दाबला, तो दबेना. ओसरीवरच्या खाटेवर त्यांचे यजमान पाय सुजवून पडले होते.

"इतके वर्स हेच पाणी पेऊन गुर्दे (मूत्रपिंडं) गेले त्यायचे. हप्त्यातून दोनदा रगत साफ कराले अकोल्याले नेतो. तुह्या कागदात काय लिवलं आमच्या इहिरीचं?"

खोटं जिभेवर तयार होतं. धंद्यात मी सर्रास बोलतो. पण खाटेवरचा माणूस माझ्याकडेच पाहत होता.

"काढून टाकली."

"इहीर काढली? अन् आमी?"

गावाबाहेर रेंज मिळाली, तसा मॅडमना फोन लावला. "अकराही परत घाला. चूक माझी," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "लेखी दे. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

मी घासाघीस केली नाही.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, तरी बाहेर पाहवेना. वाटलं होतं, कबूल केलं की भीती उतरेल. पण त्याच अहवालातल्या देऊळगाव राजा तालुक्याच्या तक्त्यातूनही मी काही ओळी काढल्या होत्या, आणि त्या कुठल्या विहिरींच्या, ते मला आठवत नव्हतं.