कंसातली माणसं

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गाणं संपल्यावर "वा" म्हणायची सवय नव्हती. ते विचारायचे, "गीत कोणाचं?" रेडिओवर निवेदिकेनं गीतकाराचं नाव आधी घेतलं नसेल, तर ते गाणं त्यांच्या गळ्याखाली उतरायचंच नाही. दुबईत आल्यावर एकदा टॅक्सीत पठाण ड्रायव्हरनं पश्तो कॅसेट लावली. मागून प्रश्न हजर: "भाईसाब, लिखा किसने है?" तो बिचारा आरशातून टकामका बघत राहिला. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

सासूबाई गेल्यावर नव्वदीच्या शेवटी शेवटी अण्णा आमच्याकडे दुबईत, करामा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. जन्मभर सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस. तरुणपणी त्यांनी गाणीही लिहिली होती. त्यातलं एकच जगलं, पण असं जगलं की विचारू नका. शाळेतल्या मास्तरांच्या बायकांनी एका श्रावणात हट्ट धरला म्हणून त्यांनी मंगळागौरीसाठी झिम्म्याचं गाणं लिहून दिलं. सासरी आलेल्या सुनेची पहिली भाकरी, जी काही केल्या गोल होत नाही:

थापली भाकर, झाली गं होडी,
सासूबाई हसती थोडी थोडी.

बायकांनी ते आपापल्या माहेरी नेलं, माहेरून ते आणखी कुणाच्या सासरी गेलं. मी स्वतः लग्नाआधी ते ठाण्यात म्हणत झिम्मा खेळले होते, आणि ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं आहे याचा मला पत्ता नव्हता. गाण्यांच्या पुस्तकात त्याखाली छापलेलं असायचं, "पारंपरिक".

"पारंपरिक म्हणजे काय," अण्णा म्हणायचे, "तर लिहिणारा होता, पण कुणी विचारलं नाही."

हे ते हसत म्हणायचे. पण एकदा जेवताना, ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत म्हणाले, "एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय गं. गाण्याआधी कुणीतरी माझं नाव घेतलेलं. मग खुशाल पारंपरिक करा मला." मी तिथल्या तिथे सांगितलं की इथल्या मराठी बायकांची मंगळागौर माझ्याच मैत्रिणी बसवतात, उद्या फोन करते. तर अण्णांनी चमचा खाली ठेवला. "मागून घेतलेलं नाव नको. तू सांगायचं नाहीस, त्यानंही सांगायचं नाही. शपथ आहे." त्यानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं. तो मान खाली घालून भात कालवत होता. मला असा राग आला! माणसानं इतकं ताठ असावं का? पण सासऱ्यांची शपथ, गप्प बसले.

तर असे हे अण्णा दिवसभर फ्लॅटमध्ये एकटे. मी हॉटेलात रिझर्वेशन्सला, नवरा रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या कंपनीत, लेक शाळेत. बाहेर ऊन असं की कबुतरंसुद्धा एसीच्या डब्यामागे बसायची. अण्णा सुकत चालले होते, हे मला दिसत होतं. मग एक दिवस नवरा घामाघूम होऊन एक खोकं आणि एक जुना रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला. त्याच्या कंपनीतला म्हातारा अमेरिकन इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला होता. गोडाऊनमध्ये त्याचं सामान पॅक होत होतं. रेकॉर्ड्स फार जड होतात म्हणून तो त्या तिथेच टाकून चालला होता. "मी म्हटलं, माझे फादर ऐकतील. तो म्हणाला, यल्ला, चल, टेक इट."

सगळ्या जुन्या अमेरिकन गाण्यांच्या. आपल्या आजीआजोबांच्या तरुणपणातली गाणी. मला वाटलं, दोन दिवस बघतील आणि खोकं पलंगाखाली जाईल. कसलं काय! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर अण्णा भिंग घेऊन रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर वाकलेले.

"हे बघ सूनबाई. गाण्याच्या नावाखाली कंसात काय आहे?"

मुंगीएवढ्या अक्षरांत आडनावं होती. एक लिहिणाऱ्याचं, एक चाल लावणाऱ्याचं. कव्हरवर गायकाचा फोटो केवढा मोठा, टाय, केसांचा कोंबडा. आणि ज्यानं शब्द दिले तो कंसात. पण अण्णांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट हर्ष झाला होता. "निदान कंसात तरी आहेत! आपल्याकडे कंसही नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात ती कंसातली माणसं राहायला आली. त्यांची पूर्ण नावं आणि कुळकथा अण्णा कव्हरच्या मागच्या बारीक मजकुरातून शोधून काढायचे.

तोच माणूस दुसऱ्या रेकॉर्डवर, दुसऱ्या गायकाखाली सापडला की अण्णा खूश. मी कामावरून आले की दारातच बातमी: "आज आपला यमकवाला परत भेटला. ओळीच्या पोटात यमक लपवतो, लबाड." एक होता "उदास गृहस्थ", त्याला प्रत्येक गाण्यात पाऊस नाहीतर पहाटेचे तीन वाजलेले लागायचे. आणि एक बाई होती. "बाई आहे," अण्णा कौतुकानं म्हणायचे, "म्हणून प्रेमाच्या गाण्यातही हिला घरातली भांडी दिसतात. पुरुषाला चंद्राच्या अलीकडे काही दिसत नाही."

मी गाणं म्हणजे चाल, इतपत बाई. शब्द विसरले तर ला-ला-ला. अण्णांनी मला हाताला धरून शब्दांत नेलं. म्हणायचे, बघ किती साधे शब्द. आमच्या आठवी फच्या पोरांना येतील असे. पण ते जिथे ठेवलेत तिथून हलवून दाखव. लांब सुरावर नेहमी असं अक्षर ठेवतात की गाणाऱ्याचं तोंड उघडं राहील, "तोंड मिटायला लावणारं अक्षर तिथे ठेवलं तर गायक शिव्या देईल." ही सगळी मंडळी नाटकासाठी, सिनेमासाठी ऑर्डरीवर लिहायची. कितीतरी जण परदेशातून आलेल्या आईबापांची पोरं, घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी. माझी लेक सोफ्यावर लोळत ऐकत होती. मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ती इंग्रजीत उत्तर द्यायची. अण्णा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उद्या ही लिहील अशी गाणी." ती म्हणाली, "आय विल, आजोबा. बट इन ब्रॅकेट्स."

आणखी एक गंमत त्यांनी शोधली. यातल्या पुष्कळ गाण्यांना सुरुवातीला एक छोटं कडवं असतं, जवळजवळ बोलल्यासारखं, ठेक्याशिवाय. दारात चपला काढता काढता माणूस बोलतो ना, तसं. मग खरं गाणं सुरू. पण गायक ते कडवं सर्रास गाळतात. लोकांना ठेका हवा असतो. एका रेकॉर्डवर एका गाण्याचं ते कडवं मिळालं, तेव्हा अण्णांनी ते पुन्हा पुन्हा सुई ठेवून ऐकलं. "हे कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं गोड आहे," म्हणाले. ते असं का म्हणाले, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्या हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी एक फिलिपिनो बाई पियानोवर बसून हीच गाणी म्हणायची. गोड गळा, चाळिशीची, हसरी. एका गुरुवारी मी अण्णांना तिथे चहाला नेलं. तिनं माइकवर एका प्रसिद्ध गायकाचं नाव घेऊन, हे त्यांचं गाणं, असं सांगितलं आणि गायली. गाणं संपलं, आणि मी बिस्किट उचलते आहे तोवर अण्णा उठून पियानोजवळ पोचलेसुद्धा.

"मॅडम, फार सुंदर. पण हे गाणं त्यांचं नाही. त्यांनी फक्त म्हटलं." आणि लिहिणाऱ्याचं नाव, आडनावासकट.

माझा ड्यूटी मॅनेजर समोर उभा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई चिडली नाही. टाळी देऊन म्हणाली, "लोलो, मग पुढचं कोणाचं?" लोलो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. अण्णांनी पुढचंही सांगितलं, त्याच्या पुढचंही. ती म्हणाली, इतकी वर्षं मी यांचे शब्द खाऊन जगते आणि यांची नावं मला माहीत नाहीत, शरम आहे. दर गुरुवारचा रिवाजच पडला. ती गाण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव घ्यायची, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अण्णा मान डोलवायचे. मॅनेजर आधी कुरकुरला. मग पाहुणेच "आज कोणाचं?" विचारायला लागले, तेव्हा खलास, तोही गप्प झाला. अण्णांची तब्येत सुधारली. घरात शिट्टी वाजायला लागली.

मंगळागौर आम्ही तिकडे श्रावणात करत नसू. श्रावणात सगळ्याजणी मुलांना घेऊन भारतात पळालेल्या असायच्या. त्यामुळे आमची मंगळागौर सप्टेंबरात, शाळेच्या हॉलमध्ये. पंचांगवाल्यांनी क्षमा करावी. त्या वर्षी लॉबीतल्या बाईला नऊवारी बघायची हौस आली, म्हणून तिलाही बोलावलं. ती अण्णांच्या आणि माझ्या लेकीच्या मध्ये बसली, नवरा मागच्या रांगेत. मी नथ सावरत इतर खेळणाऱ्या बायकांबरोबर कडेला उभी.

सूप नाचवून झालं, पिंगा झाला. निवेदन करणारी आमची मैत्रीण माइकवर आली आणि तोंडभर हसून म्हणाली, "आता आपल्या सर्वांचं लाडकं, पारंपरिक, भाकरीचं गाणं." मी अण्णांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते, अगदी सगळ्यांसारख्या. झिम्मा सुरू झाला. मी टाळी चुकले, समोरचीच्या हाताऐवजी बांगड्यांवर मारली.

गाणं संपलं. टाळ्या थांबता थांबता तो प्रश्न आला, स्वच्छ, माइकशिवाय पोचणाऱ्या आवाजात, इंग्रजीत: "कुणी लिहिलं हे?"

निवेदिका गोंधळली. "ट्रॅडिशनल आहे."

"ट्रॅडिशनल मीन्स हू?" लॉबीतली बाई म्हणाली. सवयच तशी पडली होती तिला. तेव्हा माझी लेक, जिला शपथ घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं, खुर्चीवरून म्हणाली, "माय आजोबा. ही टोल्ड मी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी पुढच्याच रांगेत होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "काहीतरीच काय बाई! हे माझ्या आईच्या वेळचं आहे."

अण्णा उठले. मला वाटलं, आता हे लेकीला रागावून बाहेर निघून जाणार. पण ते आजींकडे बघत म्हणाले, "असेल. तुमच्या आईच्या वेळी याच्या आधीचं कडवं म्हणायचे का?"

आधीचं कडवं कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. अण्णांनी घसा खाकरला आणि ठेका सोडून, बोलल्यासारखं म्हटलं. ते सासूच्या तोंडचं होतं:

पहिल्या दिवशी माझीही भाकर
चंद्र नव्हती गं, होती चतकोर.

बस, एवढंच. त्यावर झिम्मा खेळता येत नाही, म्हणून बायकांनी गाळलं असणार. पण मला एकदम कळलं की ती सासू सुनेला का हसते. इतकी वर्षं आम्ही तिला खाष्ट समजून नाचत होतो, आणि तिला आपली स्वतःची चतकोर आठवत होती. बाजूची एकजण पदरानं डोळे टिपायला लागली. त्या आजी खुर्ची वळवून अण्णांसमोर तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हणा बरं." अण्णांनी पुन्हा म्हटलं. आजी म्हणाल्या, "तुमचंच आहे. असं कडवं बाईच्या हातून गाळलं गेलं म्हणजे कमालच आहे." सगळा हॉल हसला.

निवेदिका धावत माझ्याकडे आली, कानात नाव विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मला शपथ होती. मग ती माझ्या लेकीकडे गेली. परत आली, पदर खोचला, माइक जवळ घेतला.

"आता हेच गाणं पहिल्या कडव्यासकट. गीत," ती म्हणाली, आणि तिनं अण्णांचं नाव घेतलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आडनाव. शेवटच्या अक्षरावर तिचं तोंड उघडं राहिलं, आणि टाळ्या पडल्या.

मी पदर सावरत अण्णांच्या खुर्चीजवळ गेले. ते समोर बघत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "काय म्हणाली गं? मला नीट ऐकू आलं नाही."

मी वाकून त्यांच्या कानात त्यांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. लॉबीतल्या बाईकडे वळून त्यांनी तिलाही विचारलं, मग माझ्या लेकीला विचारलं, आणि घरी जाताना गाडीत नवऱ्यालाही विचारलं, काय म्हणाली रे ती, मला नीट ऐकू आलं नाही. प्रत्येकानं सांगितलं. अण्णांचे कान शेवटपर्यंत ठणठणीत होते.