मामाजींचा हात आणि तीन लाखांचा कापूस

माझ्या बायकोच्या मामांचा उजवा हात त्यांच्या ताब्यात नसतो, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. हिंगणघाटच्या बाजारात पन्नास वर्षं कापूस घेतलेला हा हात. कापसाची गाडी समोर आली की तो कोपरापर्यंत आत शिरतो, तळाची मूठ वर काढतो, आणि मग मामाजी चिमटीनं तंतू ओढून ओलावा, डाग, मागच्या सालची भेसळ असं सगळं मोजून दाखवत भाव पाडतात. भाव वाढवताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. बरं, हा हात बाजाराबाहेरही गप्प बसत नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माझ्या कुर्त्याचं टोक चिमटीत धरून, "धागा कच्चा हाय, पन पोरगा बरा वाटते," असा शेरा मारला होता. तो मी आजवर प्रशस्तिपत्रक म्हणून जपला आहे. समुद्रपूरला एका नातेवाइकांकडे भेटायला गेले, चार दिवसांपूर्वीच घरातलं माणूस गेलेलं, तर यांनी बसल्या बसल्या गादीचा टाका उसवून आत बोट घातलं. "गादीवाल्यानं फसवलं तुमाले," म्हणाले. रडणारी माणसं रडायची थांबली आणि गादीवाल्याला शिव्या देऊ लागली. निघताना सगळ्यांनाच जरा बरं वाटत होतं.

मी वडनेरच्या शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून पुढे जे झालं त्याचं खापर माझ्यावर फुटलं. गेल्या ऑक्टोबरात मामाजींचे डोळे दाखवायला आम्ही नागपूरला गेलो होतो. डॉक्टरांनी चारला बोलावलेलं, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि रस्त्यापलीकडे आधुनिक कलेचं प्रदर्शन होतं. मला कलेची ओढ, मामाजींना एसीची. दोघंही आत शिरलो. पहिल्याच भिंतीवर एक कोरा पांढरा कॅनव्हास होता, किंमत दोन लाख. मामाजी बराच वेळ पाहत उभे राहिले. "काढाचं राह्यलं वाटते," म्हणाले. मग हळूच, "काहो जावईबापू, पैसेवाले लोकं हे काऊन घेत असतीन?" मी प्रतिष्ठा, गुंतवणूक, न कळण्यातली गंमत असं तोंडाला येईल ते सांगत राहिलो. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या दालनात जमिनीवर सरकीसकट कापसाचा छातीएवढा ढीग रचलेला. नाव 'ओझं', किंमत तीन लाख. मी पाटी वाचेपर्यंत मामाजींचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. "तळात मागच्या सालचा माल हाय," त्यांनी मूठ बाहेर काढून खणखणीत आवाजात जाहीर केलं. तशी एक विशीतली मुलगी धावत आली. ढीग तिचाच. आधी तिनं शुद्ध भाषेत सांगितलं की चार दिवस बसून एकेक बोंड तिनं हातानं रचलं होतं. मग ती एकदम गावच्या बोलीवर आली. "माह्या आईनं येचला हा कापूस, काका. दोन साल. आमच्या रोहण्याच्या वावरात. इचाराचं तरी होतं!" आणि ती रडायलाच लागली.

मामाजी मूठ तशीच धरून उभे. मला वाटलं, आता ओलावा काढतील आणि तीन लाखांचे तीनशे करतील.

"काय भाव सांगतला तुनं?" त्यांनी विचारलं.

"तीन लाख."

"देल्ले," मामाजी म्हणाले.

हिंगणघाटला बोंब झाली. बाजारात गाडीवाले ओरडू लागले, "शेठ, आमच्या बी गाडीले पाटी लावली, आता तोच भाव द्या!" मामाजींच्या मुलाचा, संजूचा, रात्री फोन आला. "भाऊजी, तुमी चित्रं दाखवाले नेलं अन् बाबाचं डोकं गेलं. मी आता त्याले बाजारात बसू देत नाई. डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली." माझी झोप उडाली. बाजारातून उठवलं तर हा माणूस महिनाभरात संपेल हे मला दिसत होतं, आणि त्या हॉलमध्ये त्यांना मीच नेलं होतं.

सकाळी पहिल्या बसनं मी बाजार गाठला. संजू ओलावा मोजायचं यंत्र घेऊन बापाच्या मागे उभाच होता. पहिली गाडी आली, हात आत गेला. "चौदा," मामाजी म्हणाले. यंत्रानंही चौदा दाखवलं. दुसऱ्या गाडीला अकरा, यंत्रावरही अकरा. पाचव्या गाडीनंतर संजूनं यंत्र खिशात टाकलं आणि बाजूला जाऊन डॉक्टरांची वेळ रद्द केली. इतकं हायसं मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी तिथेच लागोपाठ दोन चहा प्यालो.

तिसरा मामाजींसोबत. "काऊन घेतला तो ढीग?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"पन्नास वर्सं लोकायच्या मालात हात घातला," ते बशीकडे पाहत म्हणाले. "सारे गप उभे राह्यत. मले वाटे, त्याइले काई वाटतच नसंन. ते पोरगी रडली तवा समजलं. अन् भाव तं कायम म्याच सांगतला. म्हटलं, एकडाव ज्याचा कापूस त्यानं सांगतलेला भाव देऊन पाहू."

"मग?"

"लय हलकं वाटलं बापा. पन रोज नाई परवडत."

ढीग आता त्यांच्या बैठकीत आहे. रचायला ती मुलगी स्वतः आली होती. हाताचं भोक ती बुजवू लागली तर मामाजींनी बुजवू दिलं नाही. मी परवा बाजारात गेलो होतो. भाव ते अजून पाडतातच, तो स्वभाव काही जायचा नाही. पण गाडी समोर आली की आता क्षणभर थांबतात, उजवा हात डाव्यानं धरून ठेवतात आणि गाडीवाल्याला विचारतात, "घालू का हात?" आजवर असं कोणी विचारलेलंच नसल्यामुळे गाडीवाले गडबडतात, आणि मग म्हणतात, "घाला ना, शेठ."