जाळीवरच्या पेशींचं शेवटचं जेवण

आमच्या थोरल्या जाऊबाई फुप्फुसं पाळतात. लोक मांजरं पाळतात, ह्या पेशी. ऑपरेशनमध्ये कापलेल्या फुप्फुसाचा वाटाण्याएवढा तुकडा त्यांच्या प्रयोगशाळेत येतो, आणि त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्या बारीक जाळीवर वाढवतात. वर हवा, खाली गुलाबी पातळ खाद्य. सुट्टी असो, पाहुणे असोत, बाईसाहेब खाद्य बदलायला हजर. मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, भावोजींचं एवढं केलं असतंत तर ते गुटगुटीत झाले असते.

त्या दिवशी आम्हा दोघींना बाजारात जायचं होतं. मी त्यांना आणायला गेले तर तिथे सगळे सुतकी चेहरे. बाकीच्या पेशी बुरशीने गेल्या होत्या, एकच ताटली उरली होती. साहेबांनी बजावलं होतं, आज जमलं नाही तर हे काम बंद, आणि बाई दुसऱ्या विभागात. म्हणजे दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. जाऊबाईंना ते मरणाहून वाईट.

जमायचं काय, तर खालचं खाद्य काढून घेऊन पेशींच्या पोटात मुद्दाम आम्ल भरायचं, आणि मग त्यांना मिठाचं पाणी द्यायचं. धडधाकट पेशी मिठातलं सोडियम आत घेते आणि त्याच्या बदल्यात आम्ल बाहेर काढते. यंत्राच्या पडद्यावरची रेघ चढली की समजायचं, आम्ल गेलं, पोट ताळ्यावर आलं. एवढं मला भांडी विसळता विसळता ऐकून पाठ झालं होतं.

जाऊबाईंनी वरून मिठाचं पाणी सोडलं. रेघ ढिम्म. पुन्हा सोडलं. तरी आपली आडवीच. साहेब तसे वाईट नाहीत, पण घाई फार. मेल्यात म्हणाले, आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडून उभे राहिले. जाऊबाईंचा चेहरा मला बघवेना.

"थांबा," त्या म्हणाल्या. "यांची खायची वेळ झालीय. उपाशी नाही पाठवणार मी."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू वेड आमच्या घराण्यातच आहे. मी म्हटलं, बघताय काय, घालू द्या की. जाऊबाईंनी रोजच्यासारखं जाळीच्या खाली खाद्य सोडलं. यंत्र बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

रेघ हलली. मला वाटलं भास झाला. पण ती चढतच गेली.

साहेबांचा पाय निघाला, झाकण धाडकन पडलं. ते पुटपुटले, ही अदलाबदल या पेशी खालच्या अंगाने करतात, हवेकडे ती सोयच नाही. आणि खाद्यात मीठ होतंच. मग आधी कुठे गेली होती हुशारी, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

जाऊबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि घळाघळा रडायला लागल्या.

"रोज खालून भरवते यांना," त्या म्हणाल्या, "आणि आज साहेब बघताहेत म्हणून गडबडीत वरून ओतत बसले. जिवंतच टाकल्या असत्या गं मी."