आमच्या हेमांगीनं बसवलेलं कुलूप

आमची सून हेमांगी दारं बसवते. लोखंडी चौकटीची, जाळीची. डास आणि चोर, दोघांनाही बाहेर ठेवणारी. नागावच्या निम्म्या होमस्टेंना तिच्या हातची दारं आहेत. हल्ली ती कुठेही कुलूप बसवायला गेली की माप घेण्याआधी घरातल्या बायकांचे हात बघते. लोकांना वाटतं, भविष्य सांगते की काय! तिला ही सवय कुठून लागली ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिथेच होतो.

तिचे वडील बाबाजी आमच्यातलेच, पण होडी सोडून त्यांनी म्हसळ्यात वेल्डिंगचं दुकान टाकलं. पोर त्या दुकानातच वाढली. लग्न होऊन आमच्या कोळीवाड्यात आली तेव्हा तिला ड्रिल मशीन धरता येत होतं आणि कोळंबी सोलता येत नव्हती. आमच्याकडे याहून मोठी लाज नाही. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या नीराबाईनं मात्र तिला आपल्या जवळ बसवून घेतलं. डाव्या हाताच्या तीन बोटांत कोळंबी धरायची, उजव्यानं साल काढायची. हेमांगी करंगळी आत दुमडायची आणि नीराबाई हातावर फटका द्यायची.

"करंगळी वर धर गो! डोस्क्याचा काटा शिरला तं आठ दिस हात सुजंल."

कोळंबी ती शिकली, पण वेल्डिंग काही सोडलं नाही. मी नको म्हटलं होतं. मी सदा तांडेल, चाळीस वर्षं होडीवर माझा शब्द कुणी मोडला नाही; घरात सुनेनं मोडला. पडवीत मशीन आणून ठेवलं आणि पहिलं दार माझ्याच घराला लावलं. अकरा वर्षं खारा वारा खातंय ते, अजून कुरकुरलेलं नाही. मी मात्र बरीच वर्षं कुरकुरत होतो.

तर गेल्या मार्गशीर्षात नीराबाईचा मुलगा विनेश पनवेलहून एक कुलूप घेऊन आला. बोट टेकवलं की उघडणारं. नीराबाईनं वर्षभरात चार चाव्या हरवल्या होत्या. एक मासळी वाळवताना वाळूत गेली, एक बाजारात, बाकीच्या दोन कुठे गेल्या ते दर्यालाच माहीत. तिच्या जुन्या घराला नुसती कडी होती. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली की डाव्या हातानं कडी सरकवायची आणि तशीच आत. नवं घर झालं, जाळीचं दार आलं, तेव्हापासून पाटी ओट्यावर उतरवायची आणि कमरेची चावी शोधायची. तोवर मांजरं पाटीत.

ते कुलूप होतं जाड लाकडी दाराचं. हे दार म्हणजे दीड इंची पाईप आणि जाळी. हेमांगीनं पाईपावर स्टीलची पट्टी वेल्ड करून कुलपाला बैठक केली. पाणी जाऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी बसवली. जाळीतून तार घालून कुणी आतला दांडा ओढेल, म्हणून दांड्याभोवती पत्रा लावला. दार दोन सूत खाली बसलं होतं, ते बिजागरीत वायसर घालून उचललं. सकाळी आठला लागलेली पोर दुपारी एकला उठली. विनेशनं बोट टेकवलं, हिरवा दिवा लागला. हेमांगीनं टेकवलं, पुन्हा हिरवा.

मग नीराबाई आली, सकाळभर कोळंबी सोलून, पदराला हात पुसत. तिनं आंगठा टेकवला. लाल दिवा. दुसरा आंगठा, लाल. मग आंगठ्यालगतची बोटं, मधली बोटं. लाल, लाल, लाल. पंचेचाळीस वर्षं कोळंबी सोलून त्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. कुलपाला वाचायला काही उरलंच नव्हतं.

आकडे दाबून उघडायचीही सोय होती, पण चष्म्याशिवाय नीराबाईला तीन आणि आठ सारखेच. आणि चष्मा घरात.

"आई, तू मला फोन कर," विनेश म्हणाला. "मी पनवेलहून मोबाईलवर उघडेन."

"माझ्या घरात शिराया मी पनवेलला इचारू?" नीराबाईचा आवाज चिरकला. "पोटाला चिमटा घेऊन बांधलं हे घर. आन हे दार मलाच इचारतं, तू कोन!" ती दाराकडे पाठ करून ओट्यावर बसली. "काढ गो हेमांगे. फेकून दे ते."

तोवर आळी जमली होती. आवडाबाई कुजबुजली, "बाईचं काम हाय व्हय हे?" विनेश म्हणाला, "वहिनी, राहू द्या. मी कंपनीचा माणूस बोलावतो." खरं सांगतो, अकरा वर्षांत मी जे जे तिला बोललो होतो, ते आता सगळा गाव बोलणार होता. आणि त्याहून वाईट वाटत होतं नीराबाईचं. तिला तशी पाठ फिरवून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

हेमांगी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली, आणि मग नीराबाईशेजारी जाऊन बसली.

"मावशी, कोळंबी कशी धरायची, दाखवा."

"आता? तुला म्हाईत हाय ना."

"दाखवा तर."

नीराबाईनं वैतागून रिकामा डावा हात वर केला. तीन बोटं जुळली आणि करंगळी आपसूक बाहेर, वर उभी राहिली. पंचेचाळीस वर्षं काट्यापासून जपलेली ती करंगळी. हेमांगीनं ती आपल्या ओढणीनं कोरडी केली, नीराबाईला हाताला धरून दारापाशी नेलं आणि करंगळी कुलपावर टेकवली. कुलपाला बोट ओळखीचं व्हायला ते पाच वेळा टेकवावं लागतं. पाचही वेळा हिरवा.

"माझी सून हाय ती!" मी ओरडलो. अकरा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. लाज वाटली नाही, अजून वाटत नाही.

आवडाबाईला राहवलं नाही. "डाव्या हातानं घर उघडायचं? बरं दिसतं का?"

"उजवा पाटीला असतो," नीराबाई म्हणाली. "तुझ्या डोस्क्यावर नुसता तोरा, तुला काय ठावं?"

तिनं ओट्यावरची पाटी उचलून डोक्यावर घेतली, पार रस्त्यापर्यंत गेली आणि परत फिरली. उजवा हात पाटीला, मान ताठ. दारापाशी आली, डावी करंगळी टेकवली, दार ढकललं, गुडघे जरा वाकवले आणि पाटी न उतरवता आत गेली. मागे दार आपोआप लागलं.

"हेमांगे, च्या टाकते, ये गो आत," आतून हाक आली. "विनेश, तू थांब भायेर. मला फोन कर, मग उघडते."

विनेशचं बोट चालत होतं. पण त्यानं ते लावलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला.