गळ्यातला हेडफोन

परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी हेडफोन कानाला लावलाच नाही. तो त्यांच्या गळ्यात तसाच लोंबत राहिला आणि त्या माझा गेम खेळत राहिल्या.

दोन दिवसांत संगीताचे गेम बनवायचे, असा आमचा छोटासा गेम जॅम. कॉलेजच्या एका वर्गात आम्ही दहा-बारा जण. माझ्या गेममध्ये मावशीचा आवाज होता. तिचं गाणं सुटून बरीच वर्षं झाली. मी हट्ट धरला म्हणून मोबाईलसमोर बसून तिने एक आलाप गायला. "नीट ऐकू येईल ना रे? नाहीतर पुन्हा गाते," म्हणाली. सूर जिथे वळेल तिथे लॅपटॉपच्या टचस्क्रीनवर बोट टेकवायचं, एवढाच खेळ. ऐकल्याशिवाय कुणाला जिंकताच येऊ नये, ही माझी ऐट.

पण वर्गातल्या गोंगाटात कुणालाच ते जमेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक वळणावर चमकणारा ठिपका टाकला. ऐकायची गोष्ट बघायची करून दिली की माणसं किती खूश होतात! बाईंनी ठिपके टिपत सगळे गुण मिळवले, "झकास!" म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्यांच्यावर चरफडत मी लॅपटॉप मिटायला गेलो. आवाज शून्यावर होता. तो बाईंनी केला नव्हता. तोच तो आलाप ऐकून कान किटले, म्हणून सकाळी मीच मावशीला गप्प केलं होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काय रे, नीट ऐकू येत होतं ना सगळ्यांना?"