अजीजाने जोडलेली डिस्क

सोलापुरात संगणक दुरुस्त करणारी अजीजा तीन दिवस एसटीने मंद्रूपच्या प्रौढ साक्षरता वर्गात येत होती. तेथील पाच संगणकांना स्वतःची डिस्क नव्हती. कपाटातील एकच डिस्क नेटवर्कवरून सर्वांना मिळावी, म्हणून ती त्यांच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने बांधत होती. आज यश न आल्यास संगणक भंगारात जाणार होते.

"अडलंय कुटं?" वाचायची वेळ आली की चष्मा शोधत बसणाऱ्या विद्यार्थिनी सारजाबाईंनी विचारले.

"डिस्कपर्यंत पोचवणारा भाग मी त्याच डिस्कवर ठेवलाय, मावशी."

"म्हंजे किल्ली घरात आन् कुलूप भाईर. लई शानी हायेस की."

अजीजा हसली. तिने तो भाग कर्नलमध्येच कायमचा बसवला. पाचही पडद्यांवर पहिला धडा उमटला आणि सारजाबाई चष्मा न शोधताच मोठ्याने वाचू लागल्या.